इडिटारॉडची सुरुवात बघायला येताय? निघण्याआधी हे वाचा

अलास्का ग्रुपच्या सगळ्यांना नमस्कार. व्हिसा, तिकिटं, हॉटेल यांचे कागद वेगळे पाठवलेत, हे पत्रक फक्त इडिटारॉडच्या, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजच्या (बर्फावर घसरत जाणारी गाडी) शर्यतीच्या सुरुवातीसाठी, मार्चच्या पहिल्या शनिवारासाठी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या रविवारासाठी आहे. बुकिंगच्या वेळी बरेच जण विचारतात की शनिवारी अँकरेजमध्ये बघून झालं की रविवारी शॉपिंगला सोडाल का. आमचं स्पष्ट म्हणणं आहे की रविवार सोडू नका, कारण शनिवारी असते ती मिरवणूक, शर्यतीचं घड्याळ सुरू होतं ते रविवारी विलो गावी.

आधी थोडं शर्यतीबद्दल. अँकरेज भागातून निघून बेरिंग समुद्राच्या काठावरच्या नोमपर्यंत, अंतर साधारण हजार मैल म्हणजे सोळाशे किलोमीटर, आणि ही लांब शर्यत 1973 पासून चालू आहे. स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटारगाडी) आल्यावर गावोगावची कुत्र्यांची स्लेज बंद पडत चालली होती, ती टिकावी म्हणून जो रेडिंग्टन यांनी हा खटाटोप केला. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला जवळपास 20 दिवस लागले होते, 2017 मध्ये मिच सीव्ही 8 दिवस आणि साडेतीन तासांच्या थोडं वर पोचले. बाल्टो कुत्र्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, ती 1925 ची, नोममध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा 20 जणांनी आळीपाळीने स्लेज हाकत नेनानाहून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. ती शर्यत नव्हती, जीव वाचवायची धावपळ होती. बाल्टोचा पुतळा अँकरेजच्या फोर्थ अव्हेन्यूवरच आहे, फोटो तिथे काढूच.

शनिवारी पहिली टीम दहाला सुटते पण आपण आठपर्यंत तिथे हवं. हे कळकळीने सांगतोय, कारण बघण्यासारखं सगळ्यात जास्त सुटायच्या आधीच असतं. मुशर म्हणजे स्लेज हाकणाऱ्यांचे ट्रक आसपास लागलेले असतात, ट्रकवर प्रत्येक कुत्र्याचा वेगळा खण आणि त्याला छोटं दार, त्यातून एकेक डोकं बाहेर डोकावतं. मग त्यांना खाली उतरवतात, पाणी-खाणं होतं, एकेका पायात कापडी बूट चढवतात, बारा कुत्री म्हटली की अठ्ठेचाळीस बूट! निळ्या डोळ्यांची गुबगुबीत हस्की डोळ्यासमोर ठेवून येऊ नका, ही बहुतेक अलास्कन हस्की, मिश्र जातीची, सडपातळ, वीस-पंचवीस किलोची, लांब पायांची. स्लेजला जुंपायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, दिसला की सगळी एकदम ओरडायला लागतात, चारही पाय जमिनीवरून उचलून उड्या मारतात, काही तर दोरच चावतात, आणि त्यांना धरून सुरुवातीच्या रेषेपर्यंत न्यायला माणसं लागतात. सुटल्यावर त्या टीमचा आवाज क्षणात बंद होतो, मागे उभ्या असलेल्या टीम मात्र आणखीनच ओरडतात.

सगळ्यात पुढे असतात ते लीडर, हुकूम तेच ऐकतात, 'जी' म्हणजे उजवीकडे आणि 'हॉ' म्हणजे डावीकडे. स्लेजच्या लगेच पुढची जोडी व्हील डॉग, वळणावर स्लेजचा झटका त्यांच्या अंगावर येतो म्हणून तिथे दणकट कुत्री लावतात.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीसारखं एका दमात संपणार नाही. दर दोन मिनिटांनी एक टीम सुटते, त्यामुळे सलग तास-दीड तास तरी बघायला मिळतं. रविवारीही असंच सुटतात, तेव्हा आधी निघाला त्याचा फायदा होऊ नये म्हणून हा सुटण्याचा फरक पुढे चोवीस तासांच्या सक्तीच्या विश्रांतीत भरून काढतात. एक नंबर मानाचा, म्हणून स्पर्धक दोनपासून सुरू होतात, पहिला कुठे गेला असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. रस्त्यावरचा बर्फही आदल्या रात्री ट्रकने आणून पसरतात, 2016 मध्ये तर उत्तरेच्या लांबच्या फेअरबँक्स शहराहून रेल्वेने आणावा लागला होता.

रविवारी विलो, अँकरेजच्या उत्तरेला साधारण 110 किलोमीटर, सुटायची वेळ दुपारी दोनची. गोठलेल्या तळ्यावर लोक उभे असतात आणि टीम समोरून जंगलाकडे जातात. इथे स्लेजवर शनिवारसारखे पाहुणे बसलेले नसतात, खरं सामान लादलेलं असतं, मुशरचे चेहरेसुद्धा शनिवारपेक्षा वेगळे दिसतात. सकाळी लवकर निघू कारण एकच मुख्य रस्ता आहे आणि गर्दी खूप. बर्फ कमी पडला तर ही सुरुवात फेअरबँक्सला हलवतात, 2003, 2015, 2017 आणि 2025 मध्ये तसं झालंय, म्हणून परतीचं तिकीट रविवार रात्रीचं अजिबात काढू नका.

एक गोष्ट लपवायची नाही. या शर्यतीत कुत्री दगावलेली आहेत, 2024 मध्ये तीन गेली, आणि प्राणीप्रेमी संघटनांचा याला ठाम विरोध आहे. शर्यतीआधी रक्ततपासणी, ईसीजी होतं, वाटेत प्राण्यांचे डॉक्टर असतात, तरीही ज्यांना हे पटत नाही त्यांनी आम्हाला मोकळेपणाने सांगा, त्या दोन दिवसांचा दुसरा कार्यक्रम लावून देऊ.

तिथे वागताना, विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही, काही खायला घालायचं नाही, आणि हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी ट्रॅकवर पडू द्यायची नाही, धावता धावता कुत्रं ते गिळू शकतं.

कपडे थरावर थर घाला, आत थर्मल, मग लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. पाय सगळ्यात आधी गारठतात, बर्फावर तासन्‌तास उभं राहायचंय, म्हणून बूट एक नंबर मोठे घ्या म्हणजे जाड मोजे मावतील. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधी कळवा, घडीची खुर्ची आम्ही बसमध्ये ठेवू. दशम्या, चिवडा, लाडू घरून आणले तरी चालतील, फक्त विमानतळावर खाण्याचं सामान जाहीर करायला विसरू नका.

परत आल्यावर नोमला कोण पोचतंय ते घरबसल्या बघता येतं, प्रत्येक स्लेजवर जीपीएस असतो. पहिला साधारण नऊ-दहा दिवसांनी पोचतो, शेवटच्याला लाल कंदील मिळतो आणि तो येईपर्यंत नोममध्ये एक दिवा लावून ठेवतात.