आपल्या गावाच्या विजेचा कार्बन मोजायचा कसा?

चिपळूण-पोफळीकडे विषय निघाला की हमखास ऐकायला मिळतं, आमची वीज पाण्याची, कोयनेची, आम्ही कुठे धूर सोडतो. आणि जयगडला कोळशाचं पॉवर स्टेशन म्हणून तिकडच्या गावांच्या नावाने बोटं मोडायची. दोन्ही चुकीचंच. कोयनेचे १९६० मेगावॅट, जयगडचे १२००, दाभोळचा गॅसवाला प्रकल्प, सगळी वीज जाते एकाच ग्रिडमध्ये, म्हणजे तारांच्या एकाच जाळ्यात, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण भारत जोडला गेल्यापासून तर अख्ख्या देशाची ग्रिड एकच आहे. तुमच्या पंख्यात आलेली वीज कुठली हे कुणीच वेगळं काढू शकत नाही.

म्हणून देशभरच्या विजेची सरासरी धरतात, एका युनिटमागे किती धूर. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा काढतं, हल्ली तो युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. गावाने वर्षभरात वापरलेले युनिट गुणिले ०.७, झालं. जयगडचा धूर मोजायचा नाही असं नाही, पण तो उत्पादनाच्या खात्यात, गावाचा वापर दुसऱ्या खात्यात, दोन्हींची बेरीज केली तर तोच धूर दोनदा धरला जातो.

आता खरी मेहनत युनिट गोळा करण्यात. लोक फक्त घरगुती बिलं धरतात आणि तिथेच फसतात. समजा बंदरालगतच्या गावात ४०० घरं, प्रत्येकी महिन्याला ९० युनिट, म्हणजे वर्षाचे ४ लाख ३२ हजार युनिट, साधारण ३०० टन कार्बन डायऑक्साइड. त्याच गावात बर्फाची फॅक्टरी असेल, रोज २० टन बर्फ, टनामागे ६० युनिट धरा, जून-जुलैची मासेमारी बंदी आणि इतर सुट्ट्या वगळून २४० दिवस, की झाले २ लाख ८८ हजार युनिट, म्हणजे २०० टन! एका फॅक्टरीचे. मग आधी एलईडी बल्ब वाटायचे की फॅक्टरीचे जुने कॉम्प्रेसर बदलायला मदत करायची, हे पंचायतीला कळायला नको का? बागांचे पंप, नळपाणी योजना, रस्त्यावरचे दिवे हेही धरायचेच.

लाइट गेली की जनरेटर सुरू होतो, त्याचं डिझेल वेगळं मोजायचं, लिटरमागे जवळजवळ २.७ किलो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-श्रीवर्धनकडे कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती, त्यामुळे तिथे २०२० ची बिलं कमी दिसतील, ते वर्ष तुलनेचा पाया म्हणून कधीच घेऊ नका.

माणशी किती हे काढताना तर फारच जपून. मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी येतात, घरं भरतात, युनिट वाढतात, पण जनगणनेत ती माणसं मुंबईची. त्यामुळे माणशी आकडा उगाच फुगतो. मला विचाराल तर गावासाठी एकूण टन आणि महिनावार आलेख हेच जास्त कामाचं, मे महिन्याचा आणि गणपतीचा उंचवटा त्यात लगेच दिसतो.

सोलरचं एक बघा. छतावरची वीज दिवसा घरातच वापरली तर ती नेट मीटरवर, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर, येतच नाही, बिलात युनिट कमी दिसतात. म्हणून बिलाबरोबर सोलरच्या इन्व्हर्टरचं रीडिंगही लिहून ठेवा, म्हणजे वापर खरंच कमी झाला की सोलरने भागवला, ते वेगळं कळतं.