तिझणात कोको कशाला?

फोंड्याला भाचीच्या लेकाचं उष्टावण झालं आणि आठवड्याच्या आत तिचा फोन आला. "मावशी, तिझणात चमचाभर कोको घालू? रंग तर सारखाच दिसतो."

तिझण म्हणजे आपली गोव्याकडची नाचणीची खीर; तिचा आणि कोकोचा रंग सारखा आहे खरा. पण तिझण करताना आपण काय करतो, ते आठवून बघा. नाचणी रात्रभर भिजवतो, जमल्यास फडक्यात बांधून मोड आणतो, वाटतो, गाळून घेतो. गाळणीत उरलेला तांबूस चोथा चिमूटभर जिभेवर ठेवला तर तुरट लागतो. तो तुरटपणा टॅनिनचा. नाचणीच्या सालीतलं हे टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. ते कमी करण्यासाठीच भिजवण्या-गाळण्याची मेहनत कामी येते. कोकोतही याच जातीची तुरट द्रव्यं भरपूर असतात. म्हणजे चोथ्याबरोबर काढलेलं आपण चमच्याने परत घालणार!

कोकोच्या 100 ग्रॅममध्ये 13-14 मिलिग्रॅम लोह असतं, पण या द्रव्यांमुळे त्यातलं फार थोडं अंगी लागतं. आणि वेळ कोणती? बाळ आईच्या पोटातून लोहाचा जो साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत आलेला असतो. आईच्या दुधात लोह कमीच. तेव्हा या दिवसांतला प्रत्येक घास मला मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट थिओब्रोमिनची. हा कॅफिनचा सख्खा भाऊ. लहान चमचाभर कोकोत साधारण 50 मिलिग्रॅम थिओब्रोमिन आणि पाचेक मिलिग्रॅम कॅफिन असतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत निकामी होतं. नवजात बाळाला त्यासाठी तीन-चार दिवस लागतात. सहा महिन्यांपर्यंत यकृत बरंच सुधारतं, तरी सात-आठ किलोच्या जिवाला चमचाभर म्हणजे थोडं नव्हे.

शिवाय कोको कडू, म्हणून साखर आलीच. दोन वर्षांच्या आत गोड पदार्थ नकोत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिझणातला गूळही मी बाळासाठी वगळायला सांगते. नारळाच्या दुधाची गोडी त्याला पुरते.

वर्षानंतर नाताळच्या केकचा एखादा कण तोंडात गेला तर घाबरू नये. रोजच्या वाटीत मात्र कोको नको. भाचीला म्हटलं, चवच बदलायची तर मानकुराद आंब्याचा गर कालव. त्यातलं क जीवनसत्त्व नाचणीचं लोह शोषायला मदत करतं. फक्त एकाच वाटीत दे, तासाभराने नको.