सकाळचा नाश्ता आणि शुगर: ग्लुकोमीटर घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ग्लुकोमीटर घेतलेले बरेचजण बॉक्स पिशवीत टाकता टाकता एकच प्रश्न विचारतात, "ते सगळं ठीक आहे, पण मग सकाळी खायचं काय?" आधी आम्ही ह्यासाठी एक कागद द्यायचो, एका बाजूला 'चालेल', दुसऱ्या बाजूला 'चालणार नाही'. तो आम्ही बंद केला. कारण लोक परत यायचे आणि सांगायचे की यादीतलंच खातोय तरी दोन तासांनी २२० येते, आणि दुसरं कोणी म्हणायचं मी तर रोज एक स्लाइस ब्रेड खातो, अंड्याबरोबर, माझी १५० च्या वर जात नाही. दोघंही खरंच बोलत होते. एकच पदार्थ दोन माणसांना वेगवेगळा लागू पडतो, शिवाय किती खाल्ला आणि कशाबरोबर खाल्ला त्यावर सगळं बदलतं. म्हणून आता आम्ही नाश्ता कसा जुळवायचा आणि तो तुम्हाला मानवतो का हे मीटरवर कसं बघायचं, एवढंच सांगतो.

(खालचे सगळे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसीलीटरमधले आहेत. मीटर मिलीमोलमध्ये दाखवत असेल तर १८ ने भागा, म्हणजे १८० चे १० होतात.)

काही न खाता सकाळी शुगर वाढते कशी?

झोपताना १२० होती, मध्ये पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि उठल्यावर १५५. हे बघून लोक घाबरतात, काहीजणांना तर वाटतं मीटरच खराब आहे. मीटर बहुतेक वेळा बरोबर असतो. पहाटे साधारण तीन-चार वाजल्यापासून शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनसारखी हार्मोन्स वाढलेली असतात, त्यांच्यामुळे लिव्हर ग्लुकोज रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा असर थोडा कमी पडतो. डायबेटिस नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं, डायबेटिसमध्ये तेवढं जमत नाही. डॉक्टर ह्याला डॉन फेनॉमेनॉन म्हणतात. म्हणूनच बऱ्याचजणांच्या बाबतीत दुपारी खपून जाणारा ब्रेड सकाळी तेवढाच खाल्ला तरी जास्त चढवतो.

मग नाश्ताच सोडला तर? हा विचार खूप जणांच्या मनात येतो आणि खरं सांगायचं तर आम्हाला ह्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि तो धोका नसला तरी फायदा होईलच असं नाही. २०१५ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी टाइप २ डायबेटिस असलेल्या २२ जणांवर हे करून बघितलं, एक दिवस नाश्ता दिला, एक दिवस दिला नाही, दुपारचं आणि रात्रीचं जेवण दोन्ही दिवस सारखंच, तर नाश्ता चुकवलेल्या दिवशी दोन्ही जेवणांनंतरची शुगर जास्त चढली. माणसं कमी होती हे खरं, पण उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, स्वतःच्या मनाने नको.

आधी प्रोटीन ठरवा

डायबेटिस कळला की माणूस काय काय सोडायचं ह्याचीच यादी करत बसतो. आमचं म्हणणं, सुरुवात प्रोटीनपासून करा, मग भाजी किंवा फायबर (म्हणजे चोथा), आणि कार्ब्स, म्हणजे ज्यांचं पोटात ग्लुकोज होतं ते पिष्टमय आणि गोड पदार्थ, सगळ्यात शेवटी आणि मोजून.

अंडं सगळ्यात सोपं. एका मोठ्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन आणि कार्ब्स एक ग्रॅमपेक्षाही कमी. दोन अंडी, त्यात पालक, टोमॅटो, मशरूम जे असेल ते, आणि सोबत खऱ्या होल ग्रेन ब्रेडची एक स्लाइस, दहा मिनिटांत होतं आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. अंडं खात नसाल तर टोफू कुस्करून भाज्यांबरोबर परता. दही घ्यायचं तर साधं, बिनसाखरेचं, कारण फ्लेवरवालं दही म्हणजे पुष्कळदा गोड पदार्थच असतो. साध्या दह्यात अर्धं सफरचंद किंवा मूठभर बेरी, थोडे अक्रोड-बदाम आणि एक चमचा चिया टाकलात की वेगळी साखर लागत नाही.

कडधान्यांकडे मात्र नाश्त्याच्या वेळी लोक बघतच नाहीत आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण २० ग्रॅम कार्ब्स असतात, पण त्याच्याबरोबर ९ ग्रॅम प्रोटीन आणि ८ ग्रॅमच्या आसपास फायबरही येतं, त्यामुळे साखर हळूहळू रक्तात उतरते. आणखी एक गंमत म्हणजे सकाळी कडधान्य खाल्लं तर त्याचा फायदा दुपारच्या जेवणानंतरच्या शुगरवरही दिसतो, ह्याला सेकंड मील इफेक्ट म्हणतात. रात्री भिजवलेले चणे सकाळी उकडून त्यात काकडी, टोमॅटो, लिंबू आणि थोडं तेल घाला, झालं. वेळ नसेल तर आठवड्याचे एकदम उकडून फ्रीझरमध्ये ठेवा.

आणि रात्रीचं उरलेलं चिकन, मासे, भाजी सकाळी गरम करून खाल्ली तर काय बिघडतं? नाश्ता म्हणजे अमुकच पदार्थ हवेत असा शरीराचा काही हट्ट नाही.

ओट्स खातो तरी शुगर वाढते, असं का?

ह्यावर थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त प्रश्न ओट्सचेच येतात. ओट्समध्ये बीटा ग्लुकान नावाचं फायबर असतं, ते पोटात जेलसारखं होतं आणि पचन संथ करतं, ओट्सचं नाव झालंय ते ह्याच्यामुळे आणि ते बरोबरच आहे. पण ओट्स किती बारीक केलेत आणि आधी किती शिजवलेत ह्यावर पुढचं ठरतं. तुकडे केलेले स्टील कट ओट्स सगळ्यात हळू पचतात, रोल्ड ओट्स त्यापेक्षा लवकर, आणि गरम पाणी ओतून दोन मिनिटांत तयार होणारे इन्स्टंट ओट्स सगळ्यात लवकर. फ्लेवरवाल्या पाकिटात तर वर साखरही घातलेली असते.

एक ग्राहक रोज ओट्स खायचे आणि दोन तासांनी २०० च्या वर जायचे. नीट विचारलं तेव्हा कळलं की इन्स्टंट पाकीट, त्यात अख्खं केळं, कपभर दूध आणि बाजूला संत्र्याचा ज्यूस. आता हिशोब करा. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण २७ ग्रॅम कार्ब्स, मध्यम केळ्यात तेवढेच २७, कपभर म्हणजे २४० मिली दुधात १२, ज्यूसच्या मोठ्या ग्लासात २५ च्या आसपास, आणि पाकिटातली साखर वेगळीच. नव्वदच्या वर गेले सगळे मिळून, आणि माणूस बिचारा म्हणतोय मी फक्त ओट्स खातो! त्यांनी रोल्ड ओट्स ३० ग्रॅम केले, ज्यूस बंद, केळ्याऐवजी थोडी बेरी, आणि एक अंडं व मूठभर बदाम वाढवले. ओट्स सोडायची वेळच आली नाही.

ज्यूसचं अजून एक सांगतो. अख्ख्या मध्यम संत्र्यात १५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स आणि ३ ग्रॅम फायबर असतं, ज्यूसमध्ये कार्ब्स जास्त आणि फायबर जवळजवळ गायब. घरी काढलेला, बिनसाखरेचा, ताजा, तरी तेच. फळ चावून खा.

कार्ब्स मोजायचे तर १५ ग्रॅमचा एक हिस्सा धरतात, ब्रेडची एक साधी स्लाइस म्हणजे जवळपास एक हिस्सा. तुम्हाला सकाळी एक हिस्सा चालेल की दोन की तीन, हे तुमचं वजन, औषध, काम ह्यावर ठरतं, ते डाएटिशियनला विचारा आणि खाली सांगितलंय तसं मीटरवर पडताळून बघा.

खायचा क्रमही बदलून बघा. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये २०१५ साली छोटा अभ्यास झाला, तेच जेवण, फक्त एकदा ब्रेड आणि ज्यूस आधी, एकदा चिकन आणि भाजी आधी, तर भाजी-प्रोटीन आधी खाल्लं तेव्हा शुगर बरीच कमी चढली. फुकटचा उपाय आहे, ब्रेड शेवटी खा.

पाकिटावर काय बघायचं

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात जे लिहिलंय ते सोडा, पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिला शब्द मैदा असेल तर नावात ब्राउन असो नाहीतर मल्टीग्रेन, तो मुख्यतः मैद्याचाच ब्रेड, रंग कॅरॅमलचा असू शकतो. 'शुगर फ्री' बिस्किटात साखर नसली तरी स्टार्च असतोच आणि त्याचंही ग्लुकोजच होतं. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, मध, ही सगळी साखरेच्याच घरची मंडळी. फायबर १०० ग्रॅमला ६ ग्रॅम किंवा जास्त असेल तर चांगलं.

आता मीटरचं काम

पहिला घास घ्यायच्या आधी एक रिडिंग, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरं, खाऊन संपल्यापासून नाही. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी खाण्याआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या खाली असं लक्ष्य धरतात, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. एकाच दिवसावरून निकाल लावू नका, झोप नीट झाली नसेल, सर्दी-ताप असेल, टेन्शन असेल तरी आकडा वर जातो. तोच नाश्ता तीन दिवस खा, मग त्यातली एकच गोष्ट बदला आणि परत तीन दिवस बघा, सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. नाश्त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चालून आलात तर तेही लिहा, कारण चालताना स्नायू ग्लुकोज खेचून घेतात आणि त्याचा फरक बऱ्याचदा स्पष्ट दिसतो.

टोचायच्या आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. फळ कापलेल्या बोटावर टोचलं तर फळाची साखर मोजली जाते, तुमची नाही. बोटाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, एक्सपायरी बघा. आणि लागोपाठ दोनदा तपासून १४० आणि १५२ आलं तर मीटर बिघडला असं समजू नका, मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, आयएसओ १५१९७, ह्यातच १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं.

रिडिंग ७० च्या खाली आलं तर हा सगळा कागद बाजूला ठेवा आणि आधी साखर घ्या. १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा अर्धा कप ज्यूस (ज्यूसचा उपयोग तो इथे), १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमीच असेल तर परत तेवढंच. तुम्ही अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ही औषधं साध्या साखरेचं पचन अडवतात, त्यामुळे साखर खाऊन किंवा ज्यूस पिऊन पटकन उपयोग होत नाही, शुद्ध ग्लुकोजच लागतं. पावडर किंवा टॅब्लेट जवळ ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.

ज्यांनी आधी विचारूनच बदल करायचा

किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायचा आमचा सल्ला तुम्हाला लागू नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. गरोदर असाल तर लक्ष्यं बरीच कडक असतात, उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि दोन तासांनी १२० च्या खाली. पोट हळू रिकामं होण्याचा त्रास असेल तर जास्त फायबर उलटं पडू शकतं. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असताना नाश्त्यातले कार्ब्स एकदम अर्ध्यावर आणलेत तर डोसही बदलावा लागेल, तो स्वतः बदलू नका.

बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवली आहे. त्यात तारीख, काय खाल्लं, किती, आधीचं रिडिंग, नंतरचं रिडिंग असे रकाने आखलेत, सहा-सात दिवसांचं जरी भरलंत तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा, एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते पण ती नाश्त्याने वाढली की रात्रीच्या जेवणाने हे त्यातून दिसत नाही, ते ह्या वहीत दिसेल. वही भरली की येऊन दुसरी घेऊन जा.