नाकातले छर्रे

मेसरश्मिट एमई-२६२ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेट लढाऊ विमानाचं १/७२ प्रमाणातलं मॉडेल मी पहिल्यांदा जोडलं, रंगवलं आणि टेबलावर ठेवलं, तर ते शेपटीवर बसलं. पुढचं चाक हवेत. बोटाने खाली दाबलं, बोट काढताच पुन्हा वर. धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी नाकात वजन घाला, ही सूचनापत्रकातली ओळ माझ्या नजरेतून सुटली होती.

असं का होतं? या विमानाची दोन मुख्य चाकं पंखांखाली, तिसरं नाकाखाली. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असेल तरच ते तिन्ही चाकांवर उभं राहतं. खऱ्या विमानाच्या नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा आणि त्यांचा दारूगोळा होता. किटचं नाक मात्र पोकळ, आणि शेपटीचे भाग भरीव प्लॅस्टिकचे.

वजनाचा हिशेब तर फारच सुंदर आहे. लांबी ७२ पट कमी केली की वजन ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी कमी व्हायला हवं. उड्डाणाला सज्ज विमान साधारण ६,४०० किलोचं. त्या हिशेबाने मॉडेल अवघं १७ ग्रॅमचं भरेल! पण जाडी अशी कमी करता येत नाही. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचायला भिंत मिलिमीटरभर तरी लागते. खऱ्या विमानावर तो पत्रा ७२ मिलिमीटर जाड झाला असता. म्हणून आकार हुबेहूब, पण वजनाची वाटणी वेगळीच.

नाकाखालचं हे चाक मुळात नव्हतंच. सुरुवातीच्या नमुन्यांना शेपटीखाली चाक होतं, जसं त्या काळच्या बहुतेक पंख्याच्या विमानांना असायचं. पंखा फिरला की त्याचा झोत शेपटीवर येतो आणि तिथला एलिव्हेटर, म्हणजे शेपूट वर-खाली करणारी आडवी पट्टी, वेग कमी असतानाही काम करतो. जेटला पंखा नाही, झोत नाही. त्यात नाक वर असल्यामुळे शेपूट पंखांच्या आडोशाला. १८ जुलै १९४२ रोजी जर्मनीतल्या लाइपहाइमला चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेल हे विमान पहिल्यांदा फक्त जेट इंजिनांवर घेऊन उडाला. ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने धावताना त्याने ब्रेकला हलका स्पर्श केला, तेव्हा कुठे शेपूट उचललं गेलं. दर उड्डाणाला असं करणं धोक्याचंच. पुढच्या नमुन्यांपासून चाक नाकाखाली आलं.

पंख मागे झुकलेले दिसतात, १८.५ अंश, ते वेगासाठी असा समज आहे. मूळ कारण वेगळं होतं. इंजिनं अपेक्षेपेक्षा जड निघाली, गुरुत्वमध्य सरकला, आणि तोल साधायला बाहेरचे पंख मागे वळवले गेले. आपण नाकात छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, घालून सोडवतो तोच प्रश्न तिथे अभियंत्यांपुढे होता.

इंजिनाच्या तोंडाशी, शंकूच्या मधोमध, बारीक कडी असते. भिंगाखाली नक्की पाहा. शंकूच्या आत छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं होतं. ही कडी ओढून ते सुरू करायचं आणि त्याने जेट फिरवायचं. ते जेट, युमो ००४, जेमतेम १० ते २५ तास टिकायचं, कारण उष्णता सोसणाऱ्या पोलादाला लागणारं निकेल जर्मनीकडे पुरेसं नव्हतं.

या विमानांची धडं ऑस्ट्रियात गुझेन या नाझी छळछावणीच्या कैद्यांकडून भुयारात बनवून घेतली गेली. त्या छावणीत हजारो माणसं मेली. मॉडेल हातात घेताना मला ते विसरता येत नाही, आणि विसरू नये असंच वाटतं.

आता वजनाचं. धडाचे अर्धे चिकटवण्याआधी पंख, शेपूट, इंजिनं चिकटपट्टीने तात्पुरती जोडा. मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल आडवी धरून मॉडेल तिच्यावर तोला. नाक खाली झुकेपर्यंत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे वाढवत जा; सहा मिलिमीटरचा एक छर्रा ग्रॅमला किंचित कमी भरतो. वर दोन जास्तीचे घाला, कारण रंगाचंही वजन असतं. किटचा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतो, पोलादावर त्याचा उपयोग नाही. छर्रे एमसीलमध्ये पक्के बसवा आणि रात्रभर वाळू द्या. एखादा आत सुटा राहिला, तर मॉडेल उचलताना दरवेळी खुळखुळेल.