बिलावर जीएसटी नंबर आहे, मग ग्राहक आयोगात जाता येतं का?

‘बिल फर्मच्या नावावर आहे, जीएसटी नंबर टाकलाय, तुम्ही कसले ग्राहक?’ असं डीलरने ऐकवलं की छोटा व्यावसायिक गप्प घरी जातो. उलट ‘मी रोख पैसे मोजलेत, म्हणजे मी ग्राहकच’ असं म्हणत एखादा कारखानदार सरळ ग्राहक आयोगात तक्रार ठोकतो आणि काही वर्षांनी हात हलवत परत येतो. दोघांचंही चुकतं. ग्राहकाचा वाद आणि व्यापारी वाद यांतली सीमारेषा बिलावरून ठरत नाही.

घरच्या फ्रीजची, मोबाइलची, बुकिंग केलेल्या फ्लॅटची तक्रार कुठे करायची हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ते उरकून घेतो. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. कंपनी दिल्लीची असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आणि हो, ‘ग्राहक मंच’ जाऊन ‘आयोग’ आला. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, तरी नोटिशीत अजून ‘मंच’ लिहिणाऱ्या वकिलांचा मला राग येतो.

व्यापारी वाद तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो व्यापारी न्यायालयात जातो. तिथे तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. तो न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो.

पुन्हा विकायला घेतलेला माल हा ग्राहकाचा विषय नाही. किराणा दुकानदाराने घाऊक बाजारातून आणलेली तुरीची पोती खराब निघाली तर ते भांडण व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधलं. यावर कुणाचं दुमत नसतं. गोंधळ होतो तो कायद्यातल्या ‘व्यापारी हेतू’वरून: त्या हेतूने वस्तू किंवा सेवा घेणारा ग्राहक धरला जात नाही.

लोक विचारतात, घेणारा कोण? विचारायचं असतं, घेतलेली वस्तू कमाईच्या साखळीत कुठे बसते? मुंबईतल्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांना राहण्यासाठी २९ फ्लॅट घेतले होते. बिल्डरचं म्हणणं, हा ग्राहक कसला! सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ट्रस्टला ग्राहक ठरवलं, कारण परिचारिकांच्या राहण्याच्या सोयीचा रुग्णालयाच्या नफ्याशी थेट संबंध नव्हता. २०२३ मध्ये एका मोटार विक्रेत्याच्या विम्याबाबत हेच झालं. आगीचा विमा नुकसान भरून काढतो, नफा मिळवून देत नाही, म्हणून फर्म असूनही तो ग्राहक. त्याआधी २०२२ मध्ये मात्र एका शेअर दलालाने धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या ओव्हरड्राफ्टची (खात्यातल्या शिलकेपेक्षा जास्त उचलण्याच्या सोयीची) तक्रार टिकली नाही. तिथे बँकेची सेवाच थेट उलाढालीत जात होती. म्हणजे २९ फ्लॅटवाला आत आणि एकटा दलाल बाहेर. रकमेवरून किंवा नगांवरून अंदाज बांधणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

दुसरा पेच याहून अवघड. वस्तू थेट कमाईसाठीच घेतली, पण ती चालवणारा स्वतःच आहे आणि पोट त्याच्यावरच आहे, तर तो ग्राहकच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात टॅक्सीचं उदाहरण दिलं: स्वतः चालवायला घेतली तर ग्राहक, दुसऱ्याच्याच हातात द्यायला घेतली तर नाही. त्या प्रकरणातल्या लघुउद्योगाने मोठी सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीन घेतली होती आणि तो हरला. पण २०१८ मध्ये दोन बेरोजगार पदवीधरांच्या भागीदारीने घेतलेल्या फोटो छापण्याच्या मशीनला न्यायालयाने स्वयंरोजगार मानलं. हाताखाली मदतनीस ठेवला म्हणून स्वयंरोजगार बुडत नाही.

आता जेसीबी घ्या. कर्ज काढून एक घेतला, गावातल्या विहिरी-बांधाची कामं स्वतः लिव्हर धरून करतो, हाताशी एक पोऱ्या आहे: हा ग्राहक. त्याच माणसाने तीन घेतले, तिन्हींवर पगारी ऑपरेटर, स्वतः ठेकेदारांकडे बिलं वसूल करत फिरतो: हा व्यापारी. एक जेसीबी आणि एक पगारी ऑपरेटर असेल तर? इथे खरी लढाई होते, आणि ती कागदांवर होते. स्वयंरोजगार योजनेतलं कर्जमंजुरी पत्र, स्वतःच्या नावाचा चालक परवाना, दुसरं उत्पन्न नसल्याचं दाखवणारं आयकर विवरणपत्र, असं काहीतरी हातात असावं लागतं. त्याऐवजी बहुतेक तक्रारींत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘सदर मशीन अर्जदाराने उदरनिर्वाहासाठी व स्वयंरोजगारासाठी घेतलेली आहे’ हे ठोकळेबाज वाक्य चिकटवलेलं असतं आणि त्याखाली पुरावा शून्य. हे वाक्य मंत्रासारखं म्हटलं की काम होतं, असा समज कुणी पसरवला कोण जाणे.

डीलरनेही फार खूश होऊ नये. ‘हा ग्राहक नाही’ असं जो म्हणतो त्यानेच व्यापारी हेतू सिद्ध करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षी कंपनीने संचालकासाठी घेतलेल्या मर्सिडीजच्या प्रकरणात मोटार बनवणाऱ्यांना ते सिद्ध करता आलं नाही. नुसता जीएसटी नंबर दाखवून भागत नाही. डीलरने ते सिद्ध केलं तरच उदरनिर्वाहाचा पुरावा देण्याची पाळी तक्रारदारावर येते.

चुकीच्या दारात वर्षं गेली असतील तर सगळं संपलं असं नाही. प्रामाणिकपणे तिथे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा मागता येतो. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालातच ती वाट दाखवलेली आहे.

आणि माल देऊन पैसे अडकलेत म्हणून ग्राहक आयोगाची चौकशी करणारे उत्पादक भेटतात, त्यांच्यासाठी: विकणारा ग्राहक नसतो. माल देण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, आणि थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने, द्यावं लागतं.