एलएनबीची निवड

डिशच्या समोर, दांड्याच्या टोकाला बसवलेला छोटा डबा म्हणजे एलएनबी. पूर्ण नाव लो नॉइज ब्लॉक डाउनकन्व्हर्टर. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथून येणारा संकेत पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. डिश तो नाभीवर एकवटते. एलएनबी तो ५० ते ६५ डेसिबलने वाढवतो आणि त्याची वारंवारता खाली उतरवतो. हे दुसरे काम टाळता येत नाही, कारण कित्येक गिगाहर्ट्झचा संकेत साध्या कोअॅक्सिअल केबलमध्ये काही मीटरांतच विरून जातो. म्हणून तो साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणून रिसीव्हरकडे पाठवला जातो.

वर्गणीच्या सेवेत एलएनबी कंपनीच ठरवते. फ्री-टू-एअर, म्हणजे निःशुल्क वाहिन्या पाहणाऱ्याला मात्र तो स्वतः निवडावा लागतो. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत नॉइज फिगर, म्हणजे एलएनबी स्वतः संकेतात किती नॉइज (गोंगाट) मिसळतो तो आकडा, छापलेला असल्याने बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. खरे तर तो आकडा शेवटी पाहायचा.

आधी पाहायचा तो उपग्रहाचा बँड, म्हणजे वारंवारतेचा पट्टा. सी बँडचे प्रक्षेपण साधारण ३.४ ते ४.२ गिगाहर्ट्झवर येते आणि त्याच्या एलएनबीतील स्थानिक आंदोलक, म्हणजे ज्याच्याशी वजाबाकी करून संकेत खाली उतरवतात ती वारंवारता निर्माण करणारा भाग, ५१५० मेगाहर्ट्झचा असतो. आंदोलक संकेताच्या वर असल्याने वजाबाकी उलटी होते: ४००० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपॉंडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपण-मार्ग) केबलमध्ये ११५० वर उतरतो आणि ३८०० चा त्याच्याही वर, १३५० वर. केयू बँडमध्ये युनिव्हर्सल एलएनबी सर्वाधिक रुळला आहे. १०.७ ते ११.७ गिगाहर्ट्झसाठी तो ९७५० चा आंदोलक वापरतो आणि ११.७ ते १२.७५ साठी १०६०० चा. रिसीव्हरने केबलवरून २२ किलोहर्ट्झचा टोन पाठवला की वरचा पट्टा सुरू होतो. ही दुहेरी रचना युरोपातून आली. तिथले सुरुवातीचे एलएनबी १०००० मेगाहर्ट्झच्या एकाच आंदोलकावर चालत. १९९० च्या दशकात उपग्रहांनी खालचा आणि वरचा असे दोन्ही नवे पट्टे वापरायला घेतले, तेव्हा ते अपुरे पडले. उत्तर अमेरिकेत रेखीय ध्रुवीकरणासाठी (लहर एकाच प्रतलात डोलते) १०७५० आणि वर्तुळाकारासाठी (लहर डावीकडे किंवा उजवीकडे फिरत येते) ११२५० चे आंदोलक प्रचलित आहेत. आकडा कोणताही असो, तोच रिसीव्हरच्या मेनूत भरायला हवा. तो चुकला तर उत्तम डिश अचूक रोखलेली असूनही पडदा कोराच राहतो, आणि दोष बिचाऱ्या एलएनबीवर जातो.

दुसरी बाब ध्रुवीकरण. रेखीय ध्रुवीकरणात १३ व्होल्टवर उभा आणि १८ व्होल्टवर आडवा संकेत निवडला जातो. वर्तुळाकार प्रक्षेपण रेखीय एलएनबीने पकडले तर अर्धी शक्ती, म्हणजे ३ डेसिबल, वाया जाते. शिवाय डावा आणि उजवा संकेत वेगळे करता येत नाहीत, हे अधिक त्रासाचे. सी बँडच्या फीडमध्ये, म्हणजे एलएनबीच्या तोंडाशी संकेत गोळा करणाऱ्या नळीत, टेफ्लॉनसारख्या पदार्थाची पट्टी ४५ अंशांत बसवून ही अडचण सोडवतात. रेखीय एलएनबी जागेवर थोडा फिरवून तिरपाही करावा लागतो. उपग्रहाचे रेखांश आपल्या रेखांशापासून जितके दूर, तितका हा कोन सर्वसाधारणपणे मोठा.

डिश आणि फीडहॉर्न (हाच फीड) यांची जोडी जमणेही तितकेच महत्त्वाचे. नाभी एका बाजूला असलेल्या ऑफसेट डिशचे एफ बाय डी गुणोत्तर (नाभीचे अंतर भागिले व्यास) साधारण ०.६ ते ०.७ असते, तर मधोमध नाभी असलेल्या प्राइम फोकस डिशचे ०.३ ते ०.४५. ऑफसेटसाठी बनवलेला अरुंद दृष्टीचा फीड खोल प्राइम फोकस डिशवर लावला तर डिशच्या कडा न वापरताच राहतात. उलट केले तर फीड कडेपलीकडची जमीनही 'पाहतो', आणि उबदार जमिनीचा नॉइज संकेतात मिसळतो. सी बँडच्या फीडवरची कड्यांची स्केलर रिंग पुढेमागे सरकवून हा मेळ साधतात.

मग नॉइज फिगर. केयूमध्ये तो डेसिबलमध्ये देतात, सी बँडमध्ये केल्विनमध्ये. ०.३ डेसिबल म्हणजे सुमारे २१ केल्विन, ०.१ म्हणजे ७. स्वच्छ आकाशाखाली डिश स्वतःच काही दशक केल्विनचा नॉइज आणत असल्याने ०.३ वरून ०.१ वर गेल्याचा फायदा जेमतेम एक डेसिबल, तोही छापील आकडा खरा असेल तर. तेवढ्या खटपटीत ६० सेंटिमीटरची डिश बदलून ७५ ची लावली तर जवळजवळ दोन डेसिबल मिळतात. 'एचडी एलएनबी' हे निव्वळ विक्रीचे नाव आहे. आत जाणारे चित्र एचडी आहे की साधे, हे एलएनबीला कळतच नाही.

आंदोलकाची स्थिरता मात्र दुर्लक्षू नये. जुन्या पद्धतीचा डीआरओ (डायइलेक्ट्रिक रेझोनेटर) आंदोलक उन्हाथंडीने एखाद-दोन मेगाहर्ट्झ सरकू शकतो. २७,५०० सिम्बॉल रेटच्या (सेकंदाला किती हजार चिन्हे जातात तो वेग) रुंद ट्रान्सपॉंडरला त्याचे काही वाटत नाही. एखादीच वाहिनी वाहणारा दोन-तीन हजारांचा अरुंद ट्रान्सपॉंडर मात्र सकाळी लागतो आणि दुपारी गायब होतो. अशांसाठी स्फटिकाच्या आधाराने वारंवारता स्थिर ठेवणारा पीएलएल एलएनबी घ्यावा.

सी बँडचा खालचा भाग अनेक देशांत ५जी मोबाइल सेवेकडे गेला आहे. जवळच्या टॉवरचा दणदणीत संकेत एलएनबीचा अॅम्प्लिफायर गुदमरवतो आणि दूरच्या वारंवारतेवरच्या वाहिन्याही बंद पडतात. इलाज म्हणजे फिल्टर अंगभूत असलेला एलएनबी, किंवा फीड आणि एलएनबी यांच्यामध्ये बसणारा वेव्हगाइड फिल्टर. केबलवर नंतर लावलेल्या फिल्टरचा उपयोग नाही. अॅम्प्लिफायर तोवर गुदमरलेला असतो.

एकाहून अधिक रिसीव्हर असतील तर दोनांसाठी ट्विन आणि चारांसाठी क्वाड. नावात साम्य असलेला क्वाट्रो वेगळा. त्याच्या चार वाटांतून चार ठरावीक पट्टे सतत बाहेर पडतात आणि तो मल्टिस्विचला, म्हणजे ते पट्टे अनेक रिसीव्हरना वाटणाऱ्या पेटीला, जोडायचा असतो. थेट रिसीव्हरला लावला तर एका वाटेवर पाव भागच वाहिन्या दिसतात.