जुना फिल्टर नव्या संगणकावर का दिसत नाही?

नवा संगणक घेतला, फोटो-एडिटर टाकला, जुन्या हार्ड डिस्कवरून आवडत्या फिल्टरची फाइल उचलून प्लग-इनच्या (एडिटरला वरून जोडायच्या छोट्या पुरवण्यांच्या) फोल्डरमध्ये ठेवली. पण मेन्यूत त्याचं नावच नाही. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. अशा वेळी दोन निदानं हमखास ऐकू येतात. एक, ‘सॉफ्टवेअर जुनं झालं की बिघडतंच.’ दोन, ‘कंपनीनं मुद्दाम बंद पाडलं.’ पहिलं साफ चूक. फाइलला गंज चढत नाही; नीट जपलेली वीस वर्षांपूर्वीची फाइल आजही बाइटन् बाइट तशीच असते. दुसऱ्यात कधीकधी तथ्य असतं, पण बहुतेक वेळा खरं कारण प्रोसेसरच्या पोटात सापडतं आणि ते भलतंच मजेशीर आहे.

फोटोशॉप १९९० साली आलं आणि त्या दशकात काईज पॉवर टूल्ससारख्या फिल्टर-संचांनी धमाल उडवून दिली. विंडोजवर या फिल्टरच्या फाइलनावाला ‘.८बीएफ’ असं शेपूट असतं. डबल-क्लिक करून ती फाइल चालत नाही, कारण तो स्वतंत्र प्रोग्रॅम नव्हेच. तो फोटोशॉपच्या घरातला पोटभाडेकरू. फोटोशॉप त्याला स्वतःच्याच मेमरीत जागा देतं आणि त्यातलं एकच फंक्शन पुन्हा पुन्हा हाकारतं: तयारी कर, सुरू कर, पुढचा तुकडा घे, आवर. सोबत एक तक्ता देतं. मूळ पिक्सेल मेमरीत कुठल्या पत्त्यावर आहेत, बदललेले कुठे ठेवायचे, एका ओळीत बाइट किती, वगैरे. फिल्टर थेट त्या पत्त्यावर जाऊन काम करतो. ही थेट घुसखोरी मुद्दाम ठेवलेली आहे. ६००० गुणिले ४००० चा फोटो म्हणजे २.४ कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे किमान ७.२ कोटी बाइट. एवढा ऐवज दर वेळी इकडून तिकडे वाहून न्यायचा तर जुन्या संगणकांचा दम निघाला असता.

पण मेमरीतला हा पत्ता तेव्हा ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा असे, आणि तेवढ्यानं जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजता येतात, म्हणजे ४ जीबी. थरांवर थर चढवणाऱ्यांना हे अपुरं पडू लागलं आणि फोटोशॉपनं विंडोजवर २००८ मध्ये, मॅकवर २०१० मध्ये ६४ बिटांकडे उडी मारली. पत्ता चार बाइटांचा आठ बाइटांचा झाला. त्याबरोबर त्या तक्त्याची मांडणीही सरकली. समजा, ओघानं दोन पत्ते आणि मग ओळीची लांबी लिहिली आहे. जुना फिल्टर आठ बाइट सोडून लांबी वाचायला जातो आणि त्याच्या हाती लागतो दुसऱ्या पत्त्याचा तुकडा. त्या आकड्यावर विसंबून तो पिक्सेल शोधायला निघाला की संपलंच.

याहून गंमत प्रोसेसरला दिलेल्या सूचनांमध्ये आहे. इथे थोडं सावकाश वाचा. इंटेल घराण्याच्या ३२-बिट प्रोसेसरला षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या) पद्धतीतला ४९ हा बाइट दिसला की तो ‘गणक एकनं कमी कर’ असं समजतो. त्यापुढचा ७५ म्हणजे ‘शून्य झालं नसेल तर उडी मार’. मागे उडी मारायला लावली की या जोडीवर पिक्सेलमागून पिक्सेल रंगवणारा लूप चालतो. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर-कंपनीनं ६४-बिट आवृत्ती आखताना नव्या, रुंद रजिस्टरांसाठी (प्रोसेसरच्या आतल्या चिमुकल्या साठवणजागांसाठी) एका उपसर्गाची गरज होती. त्यासाठी ४० ते ४एफ हे सोळा बाइट जुन्या कामावरून काढून घेतले गेले. आता ६४-बिट अवस्थेत ४९ म्हणजे ‘पुढची सूचना रुंद अर्थानं घे’ एवढंच. पुढची सूचना ७५ ची. तिला या उपसर्गाचं काही पडलेलं नसतं. परिणाम? गणक कमी होतच नाही. तेच बाइट, तोच क्रम, अर्थ मात्र पार बदललेला.

प्रोसेसरला दोन्ही अर्थ येतात, पण विंडोज एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रॅमला, एकच अवस्था ठरवून देतं. म्हणून २००४ सालचा आख्खा ३२-बिट एडिटर आजच्या ६४-बिट विंडोजवर आपल्या सगळ्या फिल्टरांसह अनेकदा बिनबोभाट चालतो, आणि त्यातलाच एक फिल्टर ६४-बिट एडिटरमध्ये नेला की दारातच अडतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीपासून ३२-बिटचा रस्ताच बंद झाला. २०२० पासूनच्या ॲपलच्या चिपवर रोझेटा नावाचं ॲपलचंच सॉफ्टवेअर इंटेलच्या सूचनांचं भाषांतर करतं, पण तेही संपूर्ण प्रोसेसचं. त्यामुळे इंटेलकाळातलं ६४-बिट प्लग-इन वापरायचं तर एडिटरच रोझेटाखाली उघडावा लागतो.

एवढं कळलं की रजिस्ट्री (विंडोजची नोंदवही) साफ करणारी सॉफ्टवेअरं, फाइलचं नाव बदलणं, ‘हरवलेली डीएलएल इथे मिळेल’ म्हणत प्रोग्रॅमच्या जोडफाइली वाटणारी संकेतस्थळं हे सगळे अंगारेधुपारे का, ते वेगळं सांगायला नको. शेवटच्या प्रकारात तर फुकटात व्हायरसचा प्रसाद मिळण्याची शक्यता दांडगी.

खरा उपाय एकच तत्त्व पाळतो: जुन्या फिल्टरला स्वतःची ३२-बिट प्रोसेस द्या. सोपी वाट म्हणजे ३२-बिट एडिटर जपून ठेवणं. इरफानव्ह्यू या फोटो बघण्याच्या प्रोग्रॅमची ३२-बिट आवृत्ती तिच्या प्लग-इनांच्या मदतीनं असे बरेच फिल्टर चालवते. पेंट डॉट नेट या एडिटरसाठी पीएसफिल्टरपीडीएन नावाचं प्लग-इन आहे. ते एक छोटा ३२-बिट मदतनीस वेगळा चालवतं आणि पिक्सेलांची ने-आण करतं. गिंप या एडिटरमध्ये तर प्लग-इन मुळातच वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. वेग किंचित घटतो, पण फिल्टर कोसळला तरी एडिटर सहसा तगून राहतो. मला ही रचना जास्त शहाणपणाची वाटते. हे काहीच जमलं नाही तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकातल्या संगणकात) जुनी विंडोज ठेवा, मात्र तिला इंटरनेटपासून दूर ठेवा. तिच्या सुरक्षेची भोकं आता कोणी बुजवत नाही.

परवाना तपासणारा कंपनीचा ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर बंद झाला असेल तर मात्र बिटांचं कुठलंही गणित कामी येत नाही. फोटोशॉपच्या स्मार्ट फिल्टरवरही (मूळ चित्राला हात न लावता वरून चढवलेल्या परिणामावरही) फार विसंबू नका. त्यात फिल्टरच्या सेटिंग जपलेल्या असतात, पण प्लग-इन गेलं की त्या बदलून परिणाम नव्यानं काढता येत नाही. तयार चित्राची एक सपाट टिफ प्रत वेगळी ठेवावी.

तुमच्याकडची फाइल ३२-बिट की ६४, हे नोटपॅडमध्येही कळतं. प्रत काढून ती उघडा आणि सुरुवातीच्या अगम्य मजकुरात इंग्रजी ‘पीई’ ही कॅपिटल अक्षरजोडी शोधा. तिच्यामागे थोड्या मोकळ्या जागेनंतर कॅपिटल ‘एल’ दिसला तर ३२-बिट. छोटा ‘डी’ दिसला तर ६४. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा, नाहीतर नोटपॅड त्या प्रतीतले बाइट बदलून ठेवील.